घरच्या ऑफ-रोड कार्टला पुढचे शॉकअप निवडताना: आधी माप, मग बाजार

कार्ट, म्हणजे रानात पळवायची छोटी चारचाकी, घरी बनवायला घेतली की बरेच जण पहिलं काय करतात तर जुन्या बाजारातून बाईकचे शॉकअप उचलून आणतात आणि मग त्याला बसेल तशी चेसिस कापतात. मीपण तेच केलं होतं. १०० सीसी बाईकचे मागचे शॉक, कुठंही तेल गळत नव्हतं, पण ए-आर्मवर (चाक चेसिसला जोडणारा A आकाराचा हात) पार आतल्या बाजूला आणि खूप आडवे बसवले. नांगरलेल्या रानात पहिल्याच बांधावरून उतरताना पुढचं नाक ढेकळात घुसलं आणि डावीकडचा वरचा ब्रॅकेट वेल्डसकट उपटून हातात आला. शॉक चांगलेच होते हो, जागा चुकली होती.

कारण बघा, बाईकवर शॉक ॲक्सलच्या जवळ असतो म्हणून चाक जितकं उचलतं जवळपास तितकाच शॉक दबतो. ए-आर्मवर तो मध्येच कुठंतरी येतो, वर तिरका, त्यामुळे चाक ५० मिमी उचललं तर शॉक ३० मिमीच दबतो, म्हणजे रेशो झाला ०.६. आणि फटका दोनदा बसतो, शॉक दबतो कमी आणि चाकाचा भार लिव्हरसारखा वाढून शॉकवर येतो. तोच स्प्रिंग चाकापाशी ०.६ गुणिले ०.६, म्हणजे फक्त ३६ टक्केच कडक लागतो.

म्हणून आधी ए-आर्मचे आणि शॉकचे ब्रॅकेट टॅक मारून घ्या, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, शॉकच्या जागी दोन भोकांची साधी लोखंडी पट्टी लावा, मग पट्टी काढून जॅकने चाक ५० मिमी वर घ्या आणि वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर किती कमी झालं ते टेपने मोजा, त्याला ५० ने भागा. हा रेशो हातात आल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

आता वजन. ड्रायव्हर सीटवर बसवून पुढच्या दोन्ही टायरखाली बाथरूमचे वजनकाटे ठेवा, मागची चाकं तितक्याच उंचीच्या फळीवर. समजा गाडी ड्रायव्हरसकट २७० किलो आणि पुढं ४० टक्के भार, म्हणजे एका चाकावर ५४ किलो. त्यातून चाक, हब, नकल (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) यांचे ११ किलो वजा करा, कारण ते स्प्रिंगवर नसतात, राहिले ४३. चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली व्हायचं एकूण अंतर, १५० मिमी धरला तर गाडी नुसती उभी असताना त्यातला ३० टक्के, ४५ मिमी, वापरला गेला पाहिजे म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायलाही जागा राहते. मग शॉकवर भार ४३ भागिले ०.६, साधारण ७२ किलो, आणि शॉक दबणार ४५ गुणिले ०.६, म्हणजे २७ मिमी. ७२ ला २७ ने भागा, प्रत्येक मिमीला साधारण २.७ किलोचा स्प्रिंग पाहिजे. झालं गणित.

बाजारात स्प्रिंगवर हा आकडा लिहिलेला नसतो, म्हणून व्हर्नियर खिशात ठेवा आणि तारेची जाडी बघा, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्याचा व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५२ मिमी आणि काम करणारी १० वेटोळी असतील तर ८ मिमी तारेचा स्प्रिंग मिमीला जवळपास २.९ किलो देतो आणि ७ मिमी तारेचा १.७ च. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळतच नाही. आणि दुकानदार सांगेल की खालची ॲडजस्टर रिंग फिरवा, कडक होईल, तर तसं होत नाही, प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडा दाबून ठेवल्याने, गाडी थोडी उंच बसते एवढंच, स्प्रिंग तोच राहतो.

मोनोशॉकचा मोह टाळा, तो एकटा बाईकचा पूर्ण मागचा भार तोलायला बनवलेला असतो, हलक्या कार्टला पुढं लावला तर दगडासारखा लागतो. बजेट असेल तर एटीव्हीचे (चार चाकी रानबाईकचे) कॉइलओव्हर, म्हणजे वर स्प्रिंग बसवलेले शॉक, घ्या.

जुना घेताना शॉक उभा दाबून सोडा. सावकाश वर आला तर डॅम्पिंग, म्हणजे तेलाने उसळी रोखणं, आहे, टुणकन उडाला तर तेल संपलंय. रॉडवर नख फिरवा, खड्डा लागला तर सील लवकरच फाटणार. साधे तेलाचे शॉक उलटे किंवा पार आडवे लावायचे नाहीत, आतली हवा व्हॉल्व्हमध्ये शिरते आणि डॅम्पिंग जातं. गॅसचा मोनोट्यूब (एकाच नळीचा, गॅस तेलापासून वेगळा असलेला शॉक) कसाही चालतो.

लांबीपण तपासा: चाक पूर्ण वर गेल्यावर शॉकच्या रॉडवरचा रबर आधी टेकला पाहिजे, ए-आर्म चेसिसला नाही. ब्रॅकेट दोन पट्ट्यांचा करा, शॉक मध्ये, बोल्ट ८.८ ग्रेडचा (मजबूत स्टीलचा), आणि ए-आर्मवरच्या ब्रॅकेटला ओळीत तीन भोकं ठेवा. पहिल्या रनला रॉडवर केबल टाय घट्ट बांधा, रान फिरून आल्यावर तो कुठवर सरकलाय बघा. दरवेळी शेवटाला जात असेल तर शॉकचं खालचं टोक एक भोक बाहेर, चाकाकडे घ्या आणि लांबी परत तपासा. निम्मापण सरकत नसेल तर एक भोक आत.