हर्पीसच्या अँटिबॉडी टेस्टचं टेबल: सेरॉलॉजीत (रक्तातल्या अँटिबॉडींच्या तपासणीत) नव्याने आलेल्यांसाठी

हर्पीस सिम्प्लेक्सचं किट उघडलं की आधी आतलं माहितीपत्रक काढा आणि वेलला, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खळग्याला, कोणतं अँटिजेन (विषाणूचा ज्याला अँटिबॉडी चिकटते तो भाग) लावलंय ते शोधा. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं काम हेच देते. पिपेटिंग काय, आठवड्यात जमतं.

टाइप १ आणि टाइप २ या दोन विषाणूंची बरीचशी प्रथिनं सारखी असतात. वेलमध्ये अख्ख्या विषाणूचा अर्क लावला असेल, तर टाइप १ च्या अँटिबॉडी टाइप २ च्या वेललाही चिकटतात आणि दोन्ही पॉझिटिव्ह दिसतात. फरक ठळक आहे तो ग्लायकोप्रोटीन जी या एका प्रथिनात. म्हणून टाइप वेगळा सांगायचा तर वेलमध्ये त्याच प्रथिनाचं जीजी-१ (टाइप १ चं) किंवा जीजी-२ (टाइप २ चं) हवं. खोक्यावर ‘एचएसव्ही-२ आयजीजी’ (हर्पीस सिम्प्लेक्स टाइप २ ची, रक्तात दीर्घकाळ टिकणारी अँटिबॉडी) छापलंय एवढ्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट आकड्याची. वेलमधला रंग मोजणारं यंत्र, म्हणजे रीडर, इंडेक्स देतो: सॅम्पलचं माप किटच्या कटऑफच्या किती पट आहे तो आकडा. हर्पसिलेक्ट या नावाजलेल्या एलायझात (वेलमधल्या रंगावरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या टेस्टमध्ये) ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं संदिग्ध. पण १.३ आणि ७ दोन्ही ‘पॉझिटिव्ह’ असले तरी त्यांचं वजन एक नाही. टाइप २ चा इंडेक्स ३ पेक्षा कमी असेल तर वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या टेस्टने खात्री करा, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला वेस्टर्न ब्लॉट (विषाणूची प्रथिनं वेगवेगळी करून अँटिबॉडी कशाला चिकटते ते बघणारी टेस्ट) यासाठी प्रमाण मानला जातो. आपल्या रोजच्या कामात तो हाताशी नसतो, तेव्हा रिपोर्टवर किमान इंडेक्स तरी छापलाच पाहिजे. नुसता ‘पॉझिटिव्ह’ छापणं मला पटत नाही.

का, ते कागदावर मांडून बघा. समजा १,००० जणांत ५० जणांना टाइप २ आहे आणि टेस्टची सेन्सिटिव्हिटी (संसर्ग असलेल्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण), स्पेसिफिसिटी (संसर्ग नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) दोन्ही ९५ टक्के. खरे पॉझिटिव्ह साधारण ४७-४८ आणि संसर्ग नसलेल्या ९५० जणांतले खोटे पॉझिटिव्हही तेवढेच! लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता आयजीएम, म्हणजे एरवी ताज्या लागणीची खूण मानली जाणारी अँटिबॉडी. टॉर्च पॅनेलमध्ये (गर्भाला धोका असलेल्या संसर्गांच्या एकत्रित तपासणीत) ते हमखास येतं आणि गर्भारपणात मुली रिपोर्ट हातात घेऊन रडत येतात. हर्पीसचं आयजीएम टाइप नीट सांगत नाही, शिवाय जुना संसर्ग उफाळला तरी ते वर येऊ शकतं. त्यामुळे ‘आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे नुकतीच लागण’ हे गणित इथे चालत नाही. माझ्या मते ते पॅनेलमधून काढलेलंच बरं, पण चिठ्ठी डॉक्टरांची असते. बाळाला खरा धोका आईला प्रसूतीच्या तोंडावर पहिल्यांदाच लागण झाली तर जास्त असतो. आणि नवजात बाळाच्या रक्तातलं आयजीजी बहुतेकदा आईकडून आलेलं असतं, हे विसरू नका.

निगेटिव्हचंही तसंच. लागण होऊन दोन आठवडेच झाले असतील तर आयजीजी तयार झालेलं नसू शकतं. बारा आठवड्यांनी पुन्हा सॅम्पल घेणं शहाणपणाचं.

काउंटरवर प्रश्न येतो, “ताई, हे मला कधी झालं? कुणाकडून?” अँटिबॉडी यातलं काहीच सांगत नाही. टाइप १ चा संसर्ग ओठावर आहे की जननेंद्रियावर, तेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३७० कोटी लोकांना टाइप १ होता, म्हणजे जगातल्या त्या वयाच्या लोकांतले दोन तृतीयांश. कित्येकांना तो लहानपणीच लागतो. एवढं सांगा आणि बाकीचं डॉक्टरांवर सोडा. नवरा-बायकोचे रिपोर्ट वेगवेगळ्या पाकिटात, ज्याचे त्याच्याच हातात. नाव पुकारताना टेस्टचं नाव तोंडातून निघता कामा नये.

आणि पेशंटच्या अंगावर ताजा फोड दिसत असेल, तर रक्त काढण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, की फोडातला स्वॅब पीसीआरला (विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टला) पाठवू का? त्यात विषाणूही सापडतो, टाइपही कळतो. खपली धरली की हाती लागण्याची शक्यता कमी होते, म्हणून तो फोन त्याच दिवशी करा.