श्रीलंकेला कधी जायचं? आपली सुट्टी आणि तिथला पाऊस कसा जुळवायचा

श्रीलंकेला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न "तिथला सीझन कधी असतो?" आणि कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं, डिसेंबर ते मार्च. हे उत्तर अर्धंच आहे. त्याच्यामुळे फक्त मे महिन्यात सुट्टी मिळणारी कितीतरी कुटुंबं श्रीलंकेचा विचारच सोडून देतात. काही जणांचं उलटं होतं, ऑफ सीझनचं स्वस्त पॅकेज मिळतं म्हणून घेतात आणि मे अखेरीला पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंटोटाच्या बीचवर पोहायला मनाई करणारा लाल बावटा बघत हॉटेलात बसून राहतात. ह्या बेटावर दोन मान्सून येतात, दोन वेगळ्या दिशांनी आणि वेगवेगळ्या महिन्यांत, त्यामुळे एक किनारा भिजत असतो तेव्हा बऱ्याचदा दुसरा कोरडा असतो. म्हणून "देशाचा सीझन" शोधायचाच नाही, आपल्या तारखांना कुठली बाजू कोरडी आहे ते शोधायचं.

स्टेप १ : आधी सुट्टी लिहा, मग नकाशा उघडा

आपल्याकडच्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत, मे, दिवाळी, नाताळ, आणि मधेच एखादा लाँग वीकेंड. ऑफिसची रजा पण त्याच्याच आसपास मिळते. तर तारखा कागदावर लिहा आणि श्रीलंकेचा उंचसखल भाग दाखवणारा नकाशा बघा. मधोमध थोडा दक्षिणेला डोंगराळ भाग आहे, नुवारा एलिया तर साधारण १,८७० मीटरवर आहे. सगळा खेळ ह्या डोंगरांचा आहे. मे ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो, डोंगराला धडकतो आणि कोलंबो, गॉल, रत्नपुरा ह्या बाजूला पाऊस ओततो. पलीकडे बदुल्ला, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ पर्जन्यछायेत जातात. महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना घाट उतरून वाईत आलं की रस्ता कोरडा असतो ना, अगदी तेच.

डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा, ईशान्येकडून. मग पूर्व आणि उत्तर भिजते, दक्षिण-पश्चिम किनारा उघडतो.

उरले मधले महिने. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. ह्यात ठराविक दिशेचा वारा जोरात नसतो, दिवसभर जमीन तापते आणि दुपारनंतर गडगडाट करत पाऊस येतो. श्रीलंकेचं हवामान खातंसुद्धा वर्षाचे असेच चार भाग करतं, म्हणून हे चार कप्पे लक्षात ठेवले तरी निम्मं काम झालं.

स्टेप २ : आपली सुट्टी कुठल्या कप्प्यात बसते ते बघा

मे महिना. पहिल्या पंधरवड्यात पश्चिमेला दुपारच्या सरी असतात, नैऋत्य मान्सून साधारण उत्तरार्धात पोचतो, म्हणजे केरळच्याही थोडा आधी. तेव्हा मेमध्ये जाताय तर सरळ पूर्वेला जा. त्रिंकोमालीजवळ निलावेली आणि उप्पुवेली ह्या बीचवर तेव्हा समुद्र शांत असतो, सकाळी पाणी इतकं स्वच्छ असतं की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाखालची वाळू दिसते, बोटीने पिजन आयलंडला जाऊन पोरांना स्नॉर्केलिंग करवता येतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर समुद्राच्या कड्यावरचं कोणेश्वरम मंदिर आहेच. सर्फिंगवाल्यांसाठी अरुगम बे, तिथला सीझन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. वाटेत सिगिरियाचा खडकावरचा किल्ला आणि पोलोन्नारुवा, अनुराधापुरा ह्या जुन्या राजधान्या पण ह्याच कोरड्या बाजूला येतात, फक्त ऊन कडक असतं, सिगिरियाच्या हजारभर पायऱ्या सकाळी गेट उघडल्या उघडल्या चढायला घ्या. मला विचाराल तर मेची श्रीलंका लोकांनी फुकट वाया घालवली आहे, कोलंबो-बेंटोटा-गॉल हा ठराविक रूट सोडला तर हा महिना फार छान आहे.

१५ ऑगस्टच्या आसपासची सुट्टी असेल तर हत्ती बघा. पोलोन्नारुवाजवळच्या मिन्नेरिया पार्कातला जुना तलाव तिकडच्या ह्या कोरड्या महिन्यांत आटत जातो, काठावर कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या जंगलातून हत्तींचे कळप तिथे उतरतात, बारकी पिल्लं आईच्या पायात घुटमळत असतात. एखाद्या वर्षी तलावात पाणी जास्त राहिलं तर कळप शेजारच्या कौडुल्ला पार्ककडे जातात, ते जीपवाल्यांना रोजचं माहिती असतं, त्यांना विचारूनच पार्क ठरवा. कँडीची एसाला पेराहेरा मिरवणूक पण जुलै-ऑगस्टमध्येच असते, तारखा चंद्रावर ठरतात त्यामुळे दरवर्षी बघाव्या लागतात.

दिवाळी. इथे मी स्पष्टच सांगते, बीचसाठी जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जवळपास अख्ख्या बेटावर असतो, शिवाय बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं तयार होण्याचे हेच दिवस. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीला दितवा चक्रीवादळामुळे श्रीलंकेत पूर आणि दरडींनी शेकडो माणसं गेली, रस्ते, पूल, रेल्वे सगळं उखडलं. प्रत्येक नोव्हेंबर असा नसतो पण चहाच्या मळ्यांतल्या डोंगराळ रस्त्यांवर लहान मुलं घेऊन ह्या दिवसांत फिरायचं का, ह्याचा खरंच विचार करा. दिवाळीची रजा वाचवून नाताळला किंवा २६ जानेवारीच्या आसपास जा.

नाताळ ते मार्च. दक्षिण-पश्चिम किनारा. उनावतुना, मिरिस्सा, हिक्काडुवा. मिरिस्साहून ब्लू व्हेल बघायच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. श्रीपाद म्हणजे अ‍ॅडम्स पीक ह्या पवित्र डोंगराची यात्रासुद्धा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या पौर्णिमेपर्यंत चालते, तेव्हा रात्रभर वाटेवर दिवे असतात. ह्या काळात त्रिंकोमालीला मात्र जाऊ नका, डिसेंबर-जानेवारीत तिकडे भरपूर पाऊस. शाळेचं बंधन नसेल तर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा ह्यातले दिवस घ्या, डोंगर आणि दक्षिण दोन्ही सर्वात जास्त कोरडे तेव्हाच.

स्टेप ३ : देशाचा नाही, गावाचा पाऊस तपासा

"श्रीलंका वेदर इन मे" असं सर्च करून काही कळणार नाही. ज्या गावात मुक्काम आहे त्या गावाचं नाव टाका आणि महिन्याचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये बघा. रत्नपुराला वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या वर पडतो आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनटोटाला हजारच्या आसपास, आणि ही दोन्ही गावं एकाच देशात आहेत. नुसते पावसाचे दिवस मोजून फसायला होतं, कारण आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी पडला तरी तो पावसाचा दिवस धरतात, आणि एवढा पाऊस म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत थांबणारी सर. महिन्याचा आकडा आणि दिवस दोन्ही मिळून बघा. दिवस जास्त पण पाऊस कमी असेल तर ट्रिप बिघडत नाही.

स्टेप ४ : समुद्राचा वेगळा विचार करा

आकाश निळं आहे म्हणजे पोहता येतं असं नाही. जून-जुलैत गॉलकडे चार दिवस ऊन पडू शकतं पण नैऋत्येच्या वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो, आत ओढणारे प्रवाह असतात. आपल्याला कोकणातला जूनमधला समुद्र माहिती आहे, तसाच हा समुद्र. लाल बावटा असेल तर गुडघ्यापर्यंत पण जाऊ नका, दरवर्षी माणसं बुडून मरतात. बोटीच्या ट्रिपसाठी आधी हॉटेलला फोन करून "सध्या बोटी जातात का" एवढंच विचारा.

स्टेप ५ : दिवसाची आखणी

सरी दुपारी दोन-तीननंतर येणाऱ्या महिन्यांत उघड्यावरचं सगळं सकाळी उरका. गाडीचा लांबचा प्रवास दुपारी ठेवा, म्हणजे पाऊस आला तरी तुम्ही गाडीत. घाटाचे रस्ते मात्र अंधार पडायच्या आत संपवा.

कँडी ते एल्ला ही रेल्वे सगळ्यांनाच करायची असते. वाटेत पट्टिपोलाच्या पुढे एक बोगदा आहे, डोंगराच्या माथ्यावर, पावसाळ्यात कधी कधी अलीकडे खिडकीवर पाण्याच्या धारा आणि बोगदा संपला की पलीकडे लख्ख ऊन, वर जे वाऱ्याचं आणि डोंगराचं सांगितलं ते तिथे बसल्या जागी दिसतं. दितवानंतर ह्या मार्गाचं बरंच नुकसान झालं होतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी गाडी कुठपासून कुठपर्यंत चालू आहे ते बघा.

स्टेप ६ : निघायच्या आधीचे शेवटचे दिवस

महिनाभर आधीचा अंदाज बघून जीवाला घोर लावून घेऊ नका, त्याला काही अर्थ नसतो. शेवटचे पाच-सहा दिवस श्रीलंकेच्या हवामान खात्याचं बुलेटिन बघा आणि डोंगरात मुक्काम असेल तर एनबीआरओ ह्या तिथल्या सरकारी संस्थेचे दरडींचे इशारे, ते जिल्ह्यानुसार पिवळा, अंबर, लाल असे देतात. लाल असेल तर तो मुक्काम रद्द, हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील. म्हणूनच डोंगरातलं बुकिंग फुकट कॅन्सल होणारंच घ्यायचं, थोडं महाग पडलं तरी.

सामानात पातळ रेनकोट आणि पटकन वाळणारे कपडे, नुवारा एलियासाठी स्वेटर, आणि जळवांसाठी मीठ किंवा लांब मोजे, ओल्या जंगलात जाणार असाल तर नक्की.

हीच पद्धत दुसरीकडे पण चालते. थायलंडमध्ये फुकेत-क्राबीला मे ते ऑक्टोबर पाऊस आणि पलीकडच्या को सामुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बाली विषुववृत्ताच्या खाली, तिथे नोव्हेंबर ते मार्च पावसाळा आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, म्हणजे मेच्या सुट्टीत पूर्व श्रीलंकेची तिकिटं नाही जमली तर पुढचा फोन बालीसाठी करा.