चाळ सोडताना दाराची चौकट मागे ठेवू नका

लालबागच्या गाळ्यात मी वडिलांच्या हाताखाली लाकूडकाम शिकले, आता तोच गाळा चालवते. आसपासच्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. लोक फ्रिज, कपाटं, गाद्या टेम्पोत भरतात आणि दाराची चौकट तशीच सोडून जातात. माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींत बर्मा टीक, म्हणजे म्यानमारचा सागवान, वापरलंय. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या झाडाचा तसा सागवान आज वखारीत मागून सहजी मिळत नाही.

आधी हक्काचं बघा. पाडकामाच्या करारात निघणारं सामान बहुधा कंत्राटदाराच्या नावावर असतं. त्यामुळे ताबा देण्याआधीच चाळीच्या समितीशी बोला आणि चौकटी, झडपा, कठडा आपण नेणार हे लेखी घ्या. काढण्याचं काम मात्र पाडकामाच्या माणसांकडूनच करून घ्या, कारण चौकट निघाली की वरच्या विटा सुटू शकतात. तुळया आणि वासे तर इमारतीचा भार पेलतात. वरच्या मजल्यावर एकही बिऱ्हाड असेतोवर त्यांना हात लावायचा नाही.

चाळीतलं सगळं लाकूड सागवान नसतं. फळ्या देवदाराच्या निघतात, कुठे ऐन या झाडाचं जड लाकूड निघतं, आणि तैलरंगाच्या थरांखाली सगळं सारखंच दिसतं. म्हणून चौकटीची भिंतीत गाडलेली, रंग न लागलेली बाजू पटाशीने खरवडून बघा. सागवान असेल तर आतून सोनेरी तपकिरी रंग येतो, बोटांना मेणचट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास सुटतो. देवदाराचा वास वेगळा, तीव्र आणि सुगंधी. सागवानाचा टोकाकडून धारदार पटाशीने पातळ काप काढलात तर वर्षावर्षाच्या कड्यांच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीने दिसतात.

तरीही शंका उरली तर वजन करा. सुकलेला सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, म्हणजे घनफुटाला १८ किलोच्या आसपास. घनफूट काढायला लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. ७ फूट लांब, ५ इंच रुंद, ३ इंच जाड तुकडा ०.७३ घनफूट होतो. त्याचं वजन १३ किलोच्या जवळपास यायला हवं. १७-१८ किलो भरला तर तो ऐन किंवा तसलंच जड लाकूड असण्याची शक्यता जास्त. वखारीत विकत घेतानाही हा हिशोब स्वतः करा. तिथे सीपी टीक, बर्मा टीक, घाना टीक अशी नावं ऐकू येतील. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचाही त्यातच आला. आफ्रिकेतला बराचसा लागवडीचा, लवकर तोडलेला असतो आणि त्यात कडेचं पांढरं लाकूड जास्त निघतं.

हे पांढरं लाकूड नीट ओळखायला शिका. सागवानाला वाळवी लागत नाही असं सरसकट म्हणतात, पण ते गाभ्यापुरतंच खरं आहे. गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहसा धरत नाहीत. पांढऱ्या भागाला हे संरक्षण नाही. मी तो बेलाशक कापून टाकते, तुकडा अर्धा झाला तरी चालेल. गाभा किती टिकतो याचा दाखला मुंबईचाच आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी इथल्या गोदीत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

लाकूड घरी आलं की पहिलं काम खिळ्यांचं. बाहेर दिसतात ते पकडीने काढा. तुटून आत राहिलेले चुंबक फिरवून शोधा आणि मागून पंच ठोकून बाहेर घ्या. खिळ्याभोवतीचा काळा डाग रंध्याने पूर्ण जात नाही, तो राहू द्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासायचा नाही, जाळायचाही नाही. रिमूव्हर लावून ओला खरवडायचा, तोंडाला मास्क हवाच आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. सागवानाच्या भुशानेही कातडीला खाज सुटते, शिंका येतात.

कापताना लक्षात ठेवा, सागवान फार कठीण नाही, पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण घटक, असते. साध्या पोलादी पात्याची धार बघता बघता जाते. मशीनला कार्बाइड दाताचं पातं लावा आणि रंध्याचं पातं मधेमधे दगडावर घासत राहा. बोथट रंध्याने काम ओढून नेलं तर उलट्या रेषांत लाकूड उचकटतं.

कापलेले तुकडे लगेच जोडू नका. जमिनीपासून उचलून, मधे पट्ट्या घालून, उन्हाबाहेर रचून काही आठवडे ठेवा. सागवान इतर लाकडांच्या मानाने फार कमी हलतो. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो वाढीच्या कड्यांच्या दिशेने ५ टक्क्यांच्या आसपास आकसतो आणि कड्यांना आडव्या दिशेने त्याच्या निम्माच. पण मुंबईचा जुलै आणि जानेवारी यांत हवेचा इतका फरक असतो की ४० सेंटीमीटर रुंद फळी दोनेक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. टेबलाचा वरचा भाग चारी बाजूंनी घट्ट स्क्रूने जखडू नका. खालच्या पट्टीत लांबट भोकं ठेवा, त्याला सरकायला जागा मिळते.

सांधा खाच आणि कुसू असाच करा, म्हणजे एका तुकड्यात खाच आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारं कुसू. चिकटवताना लोकांची तक्रार असते की फेविकॉल धरत नाही. त्याचं कारण तेल. जोडाचा भाग त्याच दिवशी रंध्याने ताजा करा, ऍसिटोनच्या फडक्याने पुसा, ते उडालं की लगेच चिकटवून शिकंज्यात आवळा. बाल्कनीत किंवा पाण्याजवळ वापरायचं असेल तर एपॉक्सी घ्या. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस हवेत, खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी भोक पाडून त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, मग पितळी बसवायचा.

चौकटीच्या लाकडातून पाट, चौरंग, देव्हारा, खिडकीतलं बाक उत्तम होतं. जिन्याच्या रुंद पायऱ्या हाती लागल्या तर झोपाळ्याची फळी करा. त्यांना लॅमिनेट चिकटवू नका, जाड चकचकीत थरही देऊ नका. घरात चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश सुंदर दिसतं, फक्त त्यावर गरम भांडं ठेवायचं नाही. रोज हाताळायच्या वस्तूला मी जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने लावते आणि उरलेलं तेल पुसून घेते. ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, मगच फेका.

उरलेले वीतभर तुकडेही ठेवून द्या. पुढे कधी कोपरा तुटला तर ठिगळाला त्याच चौकटीचं लाकूड लागतं, नव्या सागवानाचा रंग आणि रेषा त्याच्याशी जुळत नाहीत.