वायरिंग उघडायच्या आधी: रात्रीच्या पाळीसाठी गाडीची तयारी

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे थ्री फेज लाइन येईल तेव्हा वावरात हजर राहायचं, आणि ती पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. पांदणीत हेडलाइट गेला, किंवा धुऱ्यावर उभी केलेली मोटरसायकल परत निघताना सेल्फच घेईना, तर त्या वेळी मेकॅनिक कुठून आणणार? अंधारात साप, रानडुक्कर यांच्या वाटेवरून माणूस पायी येऊ नये, एवढ्यासाठी ही तयारी. दिवाळी झाली की रात्रीच्या पाळ्या लागण्याआधी एक सकाळ गाडीच्या करंटसाठी काढा. सकाळच, कारण उजेड लागतो आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी खरं काय ते सांगते.

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, कंटिन्युइटीला (वायर सलग असली की) बीप देणारा. सोबत एक टेस्ट लॅम्प घरीच करून ठेवा: इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब होल्डरसकट, त्याला हात-हात लांबीच्या दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला सुई. घरातल्या लाइटचा टेस्टर इथं चालत नाही, तो 12 व्होल्टवर पेटतच नाही. मीटर असताना बल्ब कशाला, असं वाटेल. पण वायरीच्या आतल्या तारा तुटून एखादीच शाबूत राहिली तरी मीटर 12 व्होल्टच दाखवतो. बल्ब लावला की भार पडतो, तो मंद पेटतो आणि चोरी उघड होते. फक्त 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींना बल्ब लावू नका, तिथं मीटरच वापरा. बाकी 8 आणि 10 नंबरचा पाना, चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, काळी टेप, थोडं व्हॅसलीन आणि गाडीत आहेत त्याच अँपियरचे दोन जादा फ्यूज. फ्यूज 10 चा असेल तर 10 चाच. त्याच्या जागी तार गुंडाळली तर तार जळत नाही, पुढची वायरिंग जळते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालूनच जाते. हे मी कुणालाही करू देत नाही.

वहीचं एक पान घ्या आणि गाडी कधी बिघडते ते आधी लिहा: पावसात की उन्हात, खड्ड्यात की हँडल वळवल्यावर. हँडल वळवताना हॉर्न किंवा लाइट जात-येत असेल तर हँडलच्या मुंडीपाशी वायर आतून तुटलेली असते. वरचं प्लास्टिक चांगलं दिसतं, पण बोटात धरून वाकवलं की तेवढी जागा मऊ लागते. हेडलाइटचंही नीट पाहून लिहा. एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांत इंजिन चालू की हेडलाइट चालू, त्याला बटण नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेट कॉइलवर (इंजिन फिरलं की वीज बनवते ती) चालतो, म्हणून रेस दिली की उजळतो. अशा गाडीत हेडलाइट ठीक पण हॉर्न-इंडिकेटर मेलेले असतील, तर शोध बॅटरीच्या बाजूला घ्या.

आता बॅटरी, आणि इथं वेळ द्या. चावी न लावता बॅटरीच्या प्लस-मायनसवर मीटर धरा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. त्याआधीच्या सगळ्या तपासण्या फुकट जातात. मग सेल्फ दाबताना आकडा पाहा. 10 च्या जवळपास टिकला तर ठीक, 12.6 वरून एकदम 7-8 वर पडला तर आतला सेल गेलेला आहे. आपल्याकडं मे महिन्यात 45 अंशांवर पारा जातो, त्यात झाकणाच्या बॅटरीचं पाणी उडतं. दोन रेघांच्या मध्ये येईल एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं पाणी नको. सीलबंद बॅटरी उघडायची नसते. बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस, म्हणजे पाना चासीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

यानंतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची चासी-इंजिनला असलेली जोडणी. माझ्या मते बिनकामाचे पार्ट सर्वांत जास्त इथंच विकले जातात, कारण अर्थ सैल असला की सगळंच खराब वाटतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टवर धरून सेल्फ दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर सोडा, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरनं चकचकीत करा, कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. सीटवरून खताची पोती नेणाऱ्या गाडीत हे दरवर्षी करावंच लागतं.

कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) एकेक करून उघडा, ओढताना वायर नव्हे, कपलर धरा. आत हिरवट थर असेल तर ब्रशनं साफ करा. सोयाबीन-तुरीची पोती असलेल्या ओसरीत गाडी लावत असाल तर टाकी उचलून उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा. हिरो, होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची, लाल बॅटरीची आणि काळी चावीनंतरची. दुसऱ्या कंपनीत रंग वेगळे असतात, तेव्हा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सेल्फ अजिबात दाद देत नसेल तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), न्यूट्रल, क्लच आणि साइड स्टँडचा स्विच बघा. रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) 'टक' वाजला आणि इंजिन फिरलं नाही, तर बॅटरी किंवा जाड केबल. टक पण नाही, तर स्विचची बाजू. जादा एलईडी लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर लावला असेल तर त्याला स्वतंत्र फ्यूज हवाच. गाडी दोन दिवस उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर संशय आधी याच वस्तूंवर घ्या.

शेवटी चार्जिंग. गाडी चालू करून मध्यम रेस द्या, बॅटरीवर 13.5 ते 14.5 दिसायला हवं. 13 च्या वर चढतच नसेल तर कॉइल किंवा आरआर युनिट (चार्जिंगचा करंट नियंत्रणात ठेवणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर), 15 च्या वर गेलं तर आरआर युनिट. मग बॅटरी उकळते, बल्ब उडतात. चालू गाडीची बॅटरी काढून पाहायची जुनी सवय आहे, ती सोडा, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू जातो. युनिट बदलायला तालुक्याला जाताना जुनं सोबत न्या आणि कपलरच्या पिना मोजून, जुळवूनच नवीन घ्या.