डेबियनचा डेस्कटॉप अडखळतोय? या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणारे पण अजून धडधाकट असलेले कितीतरी संगणक नाशिकमध्ये अभ्यासिकांत, झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांत आणि घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी डेबियन १३ ही विंडोजऐवजी वापरायची मोफत लिनक्स प्रणाली उत्तम आहे. डेबियन कुठल्या कंपनीचं नाही, १९९३ पासून स्वयंसेवक ते घडवत आले आहेत. डेस्कटॉपबद्दलच्या बहुतेक तक्रारी मात्र डेबियनच्या नसतात, आपण घाईत केलेल्या गोष्टींच्या असतात.

पहिली अडचण इन्स्टॉल करतानाच पेरली जाते. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड दिला, की तुमच्या युजरला सुडोचा, म्हणजे रूटची कामं आपल्या खात्यातून करण्याचा अधिकार मिळत नाही. तो रकाना मोकळा सोडला, तर मिळतो. पासवर्ड देऊन बसला असाल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘सु’ कमांडने रूट व्हा आणि ॲडयुजर कमांडने आपल्या युजरला सुडो गटात घाला, मग लॉगआउट करून पुन्हा आत या. नुसत्या ‘सु’ने (su) रूट झालात तर ॲडयुजर सापडतच नाही. ‘सु’नंतर जागा सोडून हायफन द्यायचा.

इन्स्टॉलर जीनोम हा डेस्कटॉप सुचवतो. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ते घेऊ नका, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा. जीनोम आधीच टाकलं असेल तरी एक्सएफसीई नंतर बसवता येतं आणि लॉगिनच्या पडद्यावर निवडता येतं.

सगळ्यात महाग पडते ती नव्या आवृत्तीची हाव. एखादं सॉफ्टवेअर जुनं वाटलं म्हणून लोक सोर्सेस लिस्टमध्ये (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत) सिड या डेबियनच्या अस्थिर शाखेची किंवा उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची ओळ घालतात. त्या दिवशी सगळं चालतं, पण एखाद्या अपडेटला लायब्ररी (प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक फायली) एकमेकींत अडकतात आणि डेस्कटॉप उघडतच नाही. डेबियनचे जाणकार अशा भेसळीला फ्रँकनडेबियन म्हणतात, आणि ती सोडवण्यापेक्षा नव्याने इन्स्टॉल करणं बऱ्याचदा सोपं जातं. नवं ॲप हवं असेल तर फ्लॅटपॅक, म्हणजे बाकी सिस्टीमला न छेडता ॲप बसवायची सोय घ्या. नवं कर्नल (प्रणालीचा गाभा) हवं असेल तर डेबियनचंच बॅकपोर्ट्स आहे, स्थिर आवृत्तीसाठी तयार केलेल्या नव्या सॉफ्टवेअरचं भांडार.

आता मराठी. आयबस-एमसेव्हनटीनएन (ibus-m17n) हे टायपिंगचं पॅकेज टाकलं की इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड मिळतो, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं गमभनसुद्धा मिळतं. पॅकेज टाकूनही सेटिंगमध्ये मराठी दिसत नाही म्हणून लोक तेच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करतात. एकदा लॉगआउट करा, एवढंच राहिलेलं असतं. एक्सएफसीईवर इम-कॉन्फिग (im-config) ही कमांड चालवून आयबस निवडावं लागतं. लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू शकतात. भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ती लगेच येतात. हे बारीक वाटेल, पण लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा. जुन्या फायली उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर तो लिनक्सचा दोष नाही. तो मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात नाही, जुन्या फॉन्टच्या संकेतात आहे. आधी तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, कितीही फॉन्ट टाकून उपयोग नाही.

प्रिंटरचं थोडक्यात. दुकानांत अजून राबणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिप (लिनक्सवरचा एचपीचा ड्रायव्हर) पुरत नाही, एचपी-प्लगइन ही कमांडही चालवावी लागते. हा प्लगइन एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावा लागतो, म्हणून डेबियनची मोठी आवृत्ती बदलल्यावर तो पुन्हा डाउनलोड करा. या प्रिंटरमधलं फर्मवेअर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) वीज गेली की पुसलं जातं आणि संगणक ते दर वेळी नव्याने पाठवतो. वीज आल्यावर प्रिंट निघाली नाही तर ड्रायव्हर काढून टाकू नका. संगणक पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर एकदा बंद-चालू करून पाहा.