'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडलं तर

माझं पद गेलं त्या आठवड्यात कसलासा फॉर्म भरत होतो. नाव, वय झालं आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडलं. सोळा वर्षं तिथे जे ऐटीत लिहीत आलो ते आता लिहिता येईना, दुसरं काही सुचेना. दर रविवारी उपासनेला जाणारा माणूस मी, पण पद वजा केलं तर उरतं काय, ते सांगता येत नव्हतं. पुढे जे उपयोगी पडलं ते सांगतो. तुमची नोकरी शाबूत असेल तर आजच सुरुवात केलेली बरी.

आधी एक कोरा कागद घ्या आणि बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडा. पाचव्या वचनापासून पत्र लिहिणारा प्रेषित पौल आपला बायोडेटाच मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, इब्र्यांचा इब्री, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला. यातलं काहीही खोटं नाही. आठव्या वचनात मात्र ख्रिस्तापुढे हे सगळं तो केरकचऱ्यात काढतो. तुमची यादी तशीच लिहा, नम्रपणाचा आव न आणता. पदवी, पगार, मोठ्यांच्या ओळखी, मुलांचे मार्क. मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, हे उद्या गेलं तर चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटेल का? जिथे पोटात खड्डा पडेल ती ओळ तुमची. माझी पगाराची निघाली नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी बोलायला लागलो की मीटिंगमध्ये सगळे गप्प होत, ती होती. प्रार्थनेत ती ओळ जशीच्या तशी देवापुढे ठेवा. 'प्रभू, मला नम्र कर' ही गोलमोल प्रार्थना मी वर्षानुवर्षं केली, तिने तसूभर काही हललं नाही.

दुसरं, महिनाभर सकाळी फोन हातात घेण्याआधी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, तेरा ते सतरा वचनं वाचा. येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मत्तयाने त्याचा एकही चमत्कार सांगितलेला नाही, प्रवचन नाही, शिष्यही नाहीत. पान उलटलं की सैतान हजर: 'देवाचा पुत्र असशील तर' करून दाखव. ही 'करून दाखव'ची वाणी मला ऑफिसच्या प्रत्येक वार्षिक मूल्यमापनात ऐकू यायची. कोणती वाणी आधी ऐकायची, एवढंच सकाळी ठरवायचं असतं.

लहान मुलाला आपण 'काय करतोस?' असं विचारत नाही, 'कुणाचा रे तू?' असं विचारतो. ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचं पहिलंच उत्तर याच वळणाचं आहे: जगताना आणि मरताना मी माझा नाही, येशू ख्रिस्ताचा आहे. ते पाठ करा. कुणाच्या बढतीची बातमी कानावर आली की मनात म्हणा, मग अभिनंदन करा. पहिल्या काही वेळा अभिनंदन कोरडंच निघेल. निघू द्या.

आठवड्यातून एक काम असं धरा की जे कुणाच्या लक्षात येणार नाही. मी उपासनेनंतर खुर्च्या रचतो. इथे एक खाच आहे: मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, पदं असतात. नोकरी गेल्यावर मी कमिटीत जागा मिळवायला धावलो होतो. भूक जुनीच, फक्त ताट बदललेलं. माझ्या पाळकांनी वर्षभर थांबायला सांगितलं तेव्हा राग आला होता.

कामाला मात्र तुच्छ लेखू नका. पौलाने करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरलं, आणि शिवणही नीटच घातली असणार.

मला आठ महिन्यांनी काम मिळालं, पूर्वीपेक्षा लहान. फॉर्मवर आता त्याचं नाव लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो.