सणासाठी लाकडी ठोकळे करताना या चुका टाळा

लाकडाचे काही चौकोनी तुकडे कापायचे, त्यांना रंग द्यायचा, प्रत्येकावर एकेक अक्षर किंवा चित्राचा कागद चिकटवायचा आणि सणाच्या दिवसांत ते ओळीने मांडायचे, एवढेच हे काम असल्यामुळे ते एका संध्याकाळी उरकेल, असा समज सर्रास आढळतो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणारे बहुतेक ठोकळे याच समजाचे बळी असतात.

पहिली चूक रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच होते. पट्टीवर सगळ्या खुणा एकदम करून मग कापत सुटले, तर ठोकळे सारखे येत नाहीत, कारण करवतीचे पाते आपल्या जाडीइतक्या लाकडाचा भुसा करते. यंत्राच्या करवतीत ही जाडी साधारण २ ते ३ मिलिमीटर असते आणि ठोकळे शेजारी शेजारी ठेवल्यावर एवढा फरक लगेच डोळ्यांत भरतो. मी एक ठोकळा कापतो, तो गुण्याने (काटकोन तपासण्याच्या साधनाने) तपासतो आणि पुढची प्रत्येक खूण त्याच ठोकळ्यावरून करतो. आधीच्या कापलेल्या तुकड्यावरून पुढचा आखल्यास चूक वाढत जाते.

घासण्याचा कंटाळा करणाऱ्यांना एवढेच सांगेन की ८०, १२० आणि १८० क्रमांकाचे पॉलिश पेपर याच क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने वापरावेत आणि कडा किंचित गोल कराव्यात, कारण धारदार कडेवरचा रंग आधी उडतो. कापलेली दोन टोके रंग अधाशासारखा शोषतात. तेथे प्रायमरचा एक हात जास्त द्यावा. पाइनच्या गाठींमधील राळ पांढऱ्या रंगातून पिवळी फुटते, म्हणून गाठीवर आधी शेलॅकचा (लाखेपासून केलेल्या वॉर्निशचा) थर हवाच.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. ॲक्रिलिक रंग अर्ध्या-पाऊण तासात हाताला कोरडा लागतो, पण हाताला कोरडा लागणे आणि रंग पक्का होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचे पाणी आधी उडून पापुद्रा धरतो, आतला थर मात्र मऊ राहतो आणि पूर्ण कडकपणा येण्यास कित्येक दिवस, कधी काही आठवडेही लागतात. एका परिचित गृहस्थांनी भेट देण्यासाठी केलेल्या ठोकळ्यांचा संच सणाच्या आदल्या रात्री रंगवला, हेअर ड्रायरने ‘वाळवला’, लगेच कागद चिकटवून त्यावर चकाकीचा हात फिरवला आणि प्रत्येक ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात एकावर एक रचला. सकाळी खोके उघडले तेव्हा कागदाखाली बुडबुडे आले होते आणि वर्तमानपत्रातील बातम्या अक्षरांवर उलट्या उमटल्या होत्या. बातम्या पुसून काढण्याचा एखादा द्रव आहे का, असे त्यांनी मला विचारले. तसा द्रव नाही. सगळे थर लाकडापर्यंत घासून काम पुन्हा करावे लागले आणि मूळ काम करण्यापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागला. रंगाचे हात पातळ असावेत, शेवटच्या हातानंतर रात्रभर थांबावे आणि त्यानंतरच गोंदाला हात लावावा, असा माझा शिरस्ता आहे. तयार ठोकळे मी निदान आठवडाभर एकमेकांना न चिकटता उघडे ठेवतो. ड्रायरची घाई मला अजिबात पटत नाही, कारण त्याने आतला ओलावा वरच्या पापुद्र्याखाली कोंडला जातो.

कागदाचेही तसेच आहे. इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या चित्राला पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद लागला की शाई पसरते आणि चेहरे निळसर डागांत विरघळतात. छापील कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावे. शाई सुटली, तर कागदावर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हलके हात देऊन तो वाळवावा किंवा लेसर प्रिंट घ्यावी. कागद ठोकळ्याच्या बाजूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापावा, गोंद पातळ लावावा आणि मधून कडांकडे दाबत हवा काढावी. गोंद जाड लावला की पकड चांगली बसते, ही समजूत कोठून आली कोण जाणे.

कागदाऐवजी स्टेन्सिलने (अक्षर कोरलेल्या साच्याने) अक्षरे रंगवताना साच्याखालून रंग झिरपत असेल, तर ब्रशवर रंग जास्त आहे. अक्षरांमधील अंतर मोजपट्टीने ठरवू नये. अरुंद आणि रुंद अक्षरे मोजून लावल्यास वाकडीच दिसतात, म्हणून आधी सुटी मांडून लांबून पाहावीत.

पांढऱ्या रंगावर तेलावर आधारित वॉर्निश देऊ नये, ते काळाबरोबर पिवळे पडते. तेथे पाण्यावर आधारितच घ्यावे. रंगाऐवजी जवसाचे तेल लावणाऱ्यांनी त्या तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. वाळताना त्यात उष्णता साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्याव्यात किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.